मानशीपाशी

खाजनाच्या बांधात नदीसाठी एक दार असतं.
आमच्या चोडणात त्याला मानस म्हणतात.
शाळेत मी 'मानस म्हणजे मन' असं लिहून
पैकीच्या पैकी गुण मिळवले होते.
दार तेव्हा नीट पाहिलेलंच नव्हतं.

दिवसभर माझ्या कानांना माणसं चिकटलेली असतात.
वीजखात्याचा तक्रार-कक्ष, हेडफोन,
"बाये, लायट केन्ना येतली?"
म्हापशाचा ट्रान्सफॉर्मर, साळगावची तार,
पर्वरीत कुणाच्या फ्रीजमध्ये सडणारा इसवण.
नोंद घेतली आहे, मी म्हणते, साठ-सत्तर वेळा,
आणि रात्री झोपेतही नोंद घेत राहते:
सिलिंडर. ईशानची फी.
सासूबाईंचा डोळा, डावा.
सकाळी जबडा ठणकतो,
दात रात्रभर कुणाशी तरी भांडलेले.

डॉक्टर नाझारेथ म्हणाल्या, एवढ्यात गोळी नको.
दहा मिनिटं नुसतं बसा. श्वास येतो, जातो, तेवढं बघा.
बसले.
देवघरासमोर, मग गच्चीत,
मग न्हाणीघरात कडी लावून.
एक. दोन. तीन.
चारला सिलिंडर.
पुन्हा एक. दोनलाच साहेबांचं ते वाक्य,
सगळ्यांसमोर म्हटलेलं.
शेवटी श्वासाचंच टेन्शन यायला लागलं.

परवा रायबंदरहून फेरी वेळेवर मिळाली
पण अलीकडच्या धक्क्यावर स्कूटर सुरू होईना.
ढकलत मानशीपर्यंत आणली, आणि दम संपला.
कुष्टा तिथे जाळं सोडवत होता.
बसू का, विचारलं.
"बस. पूण थंय न्हय, थंय मुयो आसात."
मुंग्या खरंच होत्या.
मी चार हात सरकून बसले.

भरती चढत होती.
खारं पाणी येऊन दाराला टेकलं
आणि फळ्या मिटल्या, कुणी न ढकलता.
आत शेत. बाहेर नदी.
फटींतून थोडं झिरपत होतंच.
मी बोट दाखवलं.
"थोडें भितर येवंक जाय,"
तो मला म्हणाला की जाळ्याला, कोण जाणे,
"ना जाल्यार सुंगटां खंयच्यान?"

चिखलाचा वास.
खांबावर एक खंड्या, पाठ करून.
मांडीखालचा चिरा, दिवसभराचं ऊन अजून धरून असलेला.
माझे खांदे कानांपर्यंत चढले होते
हे मला तेव्हा कळलं.
कळलं आणि ते उतरले. मी उतरवले नाहीत.

साहेबांचं वाक्य आलं, नेहमीसारखं.
थर्माकोलच्या तुकड्यासारखं दारापाशी तरंगलं,
गोल गोल फिरत राहिलं.
गेलं नाही.
मीही त्याला काठी मारली नाही.

दहा मिनिटं झाली की चाळीस, ठाऊक नाही.
फोन वाजला. ईशान.
"आई, लाईट गेलीय."
"नोंद घेतली आहे," मी म्हटलं
आणि एकटीच खो खो हसले.
कुष्टाने एकदा वर पाहिलं, परत गाठीत बोटं घातली.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं, असं काही नाही.
काल ओल्या टॉवेलवरून पोरावर ओरडलेच,
चांगली तार सप्तकात.
पण मध्येच कुठेतरी
दातांखाली दात रुतल्याचं जाणवलं,
जीभ टाळूला चिकटलेली,
आणि वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

ईशान टॉवेल हातात धरून उभा,
उरलेल्या वाक्याची वाट बघत.